वहिनीला खोलीत कोंडू नका

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माहेर असलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांचं म्हणणं थोडक्यात असं.

"मी लग्नानंतर डिचोलीला असते. माहेरी आई, भाऊ आणि वहिनी. वहिनी २७ वर्षांची, तिला पाचवा महिना लागलाय. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हापासून ती रात्री दारू घेते, हे मला चवथीला गेले तेव्हा कळलं. तांदळाच्या डब्यात क्वार्टर सापडली. सकाळी चहा ओतताना तिचे हात थरथरत होते. घरात लवंगा भराभर का संपतात, तेही तेव्हाच लक्षात आलं. तिने मला शपथ घातली, कुणाला सांगू नका. पण मी आईला सांगितलं, आईने भावाला. आता घरात ठरलंय की बाळंत होईपर्यंत तिला माडीवरच्या खोलीत ठेवायचं, बाहेर सोडायचं नाही, म्हणजे आपोआप सुटेल. भावाने बाहेरून लावायला कडीसुद्धा आणली आहे. भाऊ स्वतः रोज घेतो, त्याला कोणी काही बोलत नाही. नर्सबाईंनी दोनदा फोन केला, पण वहिनी तपासणीला जात नाही. म्हणते, वास येईल, कार्डावर लिहितील, आणि अंगणवाडीतली बाई आमच्याच वाड्यावरची. लंडनला असलेली माझी नणंद सांगते, डॉक्टरांना कळलं की सोशल वर्कर येतात आणि मूल काढून नेतात. डॉक्टरांना सांगू, की घरातच सोडवू? आणि जी बाई पोटातल्या बाळासाठी दारू सोडू शकत नाही, तिला बाळाची माया आहे असं कसं म्हणायचं?"

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. सकाळी चहा ओतताना तिचे हात थरथरत होते. तुम्ही हे जाता जाता लिहिलंय. बाकीचं सगळं सावकाश बोलू, हे आधी.

रोज पिणाऱ्या माणसाचे हात सकाळी थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं आणि थोडी घेतली की ते थांबतं, तेव्हा शरीर दारूवर अवलंबून झालेलं असतं. अशा शरीराची दारू एका झटक्यात तोडली, तर पहिल्या सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत केव्हाही फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊ लागतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हेही कळेनासं होतं. यात माणसं दगावतात. आणि पोटुशी बाईला फिट आली की बाळाला मिळणारा प्राणवायूही तुटतो. तुमच्या आईने आणि भावाने ही खोली बाळाच्या काळजीनेच ठरवली असणार, याबद्दल मला शंका नाही. पण माडीवर, बाहेरून कडी लावलेल्या दाराआड तिला मध्यरात्री फिट आली, तर खाली कोणाला कळणार? शिवाय सज्ञान माणसाला असं कोंडून ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे. हे वाचून झाल्यावर पहिला फोन भावाला करा. कडी लावायची नाही.

मग काय, पिऊ द्यायची? नाही. दारू बंद व्हायला हवी, आणि लवकर. पण ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. तिथे काही दिवस भरती करून घेतात, शरीराला झटका बसू नये म्हणून औषध देऊन ते हळूहळू कमी करत आणतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, आईचा रक्तदाब आणि बाळाचे ठोके बघत राहतात. कोणतं औषध, किती, हे तेच ठरवतील. तुम्ही तिथे पोचेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, तिची बाटली मोरीत ओतून टाकू नका. हे लिहिताना मलाही जड जातंय. तरीही लिहिते, कारण घरच्यांनी प्रेमापोटी बाटली फोडली आणि दुसऱ्या दिवशी पेशंट अपघात विभागात आला, असं मी पाहिलंय.

आणखी एक. वर्तमानपत्रात, बसच्या मागे जाहिराती असतात, 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा'. जेवणात कालवायची पूड, चहात टाकायचे थेंब. कुणीतरी तुमच्या आईला ते सुचवणारच. यात काय असतं ते कोणी सांगत नाही. दारूशी भांडण करणारं औषध असेल आणि तिने वर दारू घेतली, तर रक्तदाब एकदम खाली येतो. गरोदर बाईच्या ताटात असलं काही पडता कामा नये.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. मायेच्या.

मी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात सोशल वर्कर म्हणून काम केलं. नवीन लागले होते तेव्हा एक बाई आली, सातवा महिना, तोंडाला वास. मी तिला म्हटलं, "पोटातल्या जिवाची तरी लाज बाळग." ती काही बोलली नाही. केसपेपरच्या चार घड्या घातल्या, मुठीत धरला आणि निघाली. पुढच्या तारखेला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ती घरीच बाळंत झाली एवढं नर्सकडून कळलं. बाळाचं काय झालं ते आजपर्यंत कळलेलं नाही. त्या बाईला लाज नव्हती असं मला वाटलं होतं. लाज होती म्हणून तर ती परत आली नाही.

तुमची वहिनी लवंगा चघळते, बाटली लपवते, नर्सबाईंनी फोन केला तरी तपासणीला जात नाही. ज्या बाईला बाळाचं काही वाटत नाही ती इतका आटापिटा कशाला करेल? तिला भीती वाटते आहे. आणि या भीतीने आत्तापर्यंत एक मोठं नुकसान केलंय. पाचव्या महिन्यापर्यंत ती तपासणीविना आहे. तिचं रक्त किती, रक्तदाब किती, फॉलिक अॅसिड आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, पहिलं बाळ कशाने गेलं याचा कोणी शोध घेतला का, हे सगळं राहून गेलं. दारू पोटातल्या बाळाला अपाय करते. पण दारू पिणारी आई दवाखान्याबाहेर राहते, तेव्हा तो अपाय दुप्पट होतो.

आता मी जे लिहिते आहे तो अंदाज आहे, पण अशा बायका मी इतक्या पाहिल्या आहेत की फार चुकणार नाही. सातव्या महिन्यात बाळ गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते. दूध येतं, बाळ नसतं. हे होणार आहे असं बहुतेक बायकांना कोणी आधी सांगितलेलंच नसतं. झोप लागत नाही. घरात बाकीचे म्हणतात, जाऊ दे, तरुण आहेस, दुसरं होईल. आणि आपल्याकडे फेणी ही नुसती दारू थोडीच असते! सर्दीला फेणी, पोटात दुखलं की फेणी, पोराच्या छातीला चोळायला फेणी. बोंडूंच्या दिवसांत काजूच्या भाटात कामाला गेलेल्या बायकांना थकवा उतरायला हुर्राकचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, घोट कोणीतरी पुढे करतंच. तिलाही अशीच कोणी मायेच्या माणसानेच दिली असेल, "घे, झोप तरी लागेल" म्हणून. आणि झोप लागली असेल. दोन वर्षं तिने दुःखावर औषध घेतलंय, आणि ते औषध आता तिला सोडत नाही.

म्हणून तिच्याशी बोलताना दारूपासून सुरुवात करू नका. झोपेपासून करा. "रात्री झोप लागते का ग तुला?" इतकंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही. आलं, तर "कधीपासून" हे विचारा. "का" हा शब्द शक्यतो टाळा; त्यात जाब विचारल्याचा सूर येतोच.

पण त्याच्याही आधी तुम्हाला तिची माफी मागायची आहे. तिने शपथ घातली होती, तुम्ही ती मोडली. घाबरून मोडलीत, मी तुम्हाला दोष देत नाही. तरी तिच्या बाजूने बघा : घरात एकाच माणसावर विश्वास टाकला, आणि आठवड्याच्या आत दाराला कडी आली. साधं सांगा, "मी आईला सांगितलं, चुकलं माझं. यापुढे तुला विचारल्याशिवाय कोणाला काही सांगणार नाही. फक्त डॉक्टरांना सांगायला हवं, आणि तिथे मी तुझ्याबरोबर येईन." डॉक्टरांना सांगायचं की नाही हा प्रश्न तुम्ही मला विचारलात. सांगायचंच. पण तिच्या पाठीमागे नव्हे, तिच्या तोंडून. तिची जीभ अडली तर तिच्या शेजारी बसून तुमच्या तोंडून.

भावाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, आणि मला ते सोडून देता येत नाही. तो रोज घेतो, त्याला कोणी काही बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, गोव्यात १५ वर्षांवरच्या पुरुषांत तिघांमागे एकाहून जास्त जण दारू घेतात असं दिसलं. बायकांत साधारण शंभरात पाच. देशभरातल्या बायकांचा आकडा शंभरात एकीच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या राज्यात पिणाऱ्या बायका आहेत, लपून का होईना. पण बाकीची सोय पुरुष धरून केलेली. बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रं पुरुषांची. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने दारूसाठी थोडक्या भेटींचं समुपदेशन करून पाहिलं. डॉक्टर नसलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या माणसांनी ते दिलं, त्याचा उपयोग झाला, आणि २०१७ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मला त्याचा अभिमान आहे. तरी तो अभ्यास पुरुषांवरचाच होता. पिणारी बाई कोणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही, आणि आली की थेट खोलीत!

तेव्हा भावाला हे सांगा : घरात बाटली राहिली तर तिची दारू सुटणार नाही. त्याने किमान बाळ होईपर्यंत घरात आणू नये, पिऊन तिच्या खोलीत येऊ नये. त्याला स्वतःला सोडायची असेल तर त्याच दिवशी त्याच दवाखान्यात त्याचाही केसपेपर काढता येतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा गोव्यात भरतात, आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचा वेगळा गट असतो. आणि ताई, एक गोष्ट तिला एकटीला गाठून विचारा, आई आणि भाऊ जवळ नसताना : तो हात उचलतो का? तुमचा भाऊ आहे, विचारणं कठीण जाईल. तरी विचारा. हो म्हणाली, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि दवाखान्यातल्या सोशल वर्करला हे कळणं दारूइतकंच महत्त्वाचं आहे.

लंडनच्या नणंदेचं म्हणणं तिकडचं आहे. तिथली बालकल्याण यंत्रणा वेगळी, कायदा वेगळा, आणि तिथेही प्रत्येक पिणाऱ्या आईचं मूल उचलून नेत नाहीत. आपल्याकडे गरोदर बाई दारू पिते एवढ्यावरून तिच्यावर गुन्हा लावणारा कायदा नाही. दवाखान्यात खरं बोलली म्हणून पोलीस घरी येत नाहीत. उलट २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तिच्या बाजूने उभा आहे. दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापरातून होणारे मानसिक आजार त्या कायद्याच्या व्याख्येतच धरलेले आहेत. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात आहे. आणि त्यात असंही म्हटलंय की मानसिक आरोग्याच्या उपचारांसाठी भरती झालेल्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल एरवी दूर करू नये. ही शेवटची ओळ वहिनीला वाचून दाखवा. तिची रात्रीची झोप उडवणारी जी भीती आहे, तिला हे थेट उत्तर आहे.

कार्डाची भीती मात्र खोटी नाही. ते माता-बाल कार्ड अंगणवाडीत जातं, पाहुण्यांच्या हातात पडतं. डॉक्टरांना सांगता येतं, की ही गोष्ट दवाखान्याच्या केसपेपरवर लिहा, कार्डावर नको. बाळंतपण करणाऱ्यांना आणि बाळाच्या डॉक्टरांना ती ठाऊक हवीच. बाकी वाड्याला काय करायची आहे?

आता सोशल वर्कर मूल नेत नाही तर करते काय, हे थोडं सविस्तर सांगते. वहिनीच्या वतीने तुम्हाला ते मागून घ्यावं लागेल, कारण गर्दीच्या ओपीडीत आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

एक बाई माझ्याकडे यायची, काजूच्या भाटात कामाला जाणारी. पहिल्या भेटीत मी तिला दारूचं काही विचारलं नाही. तोवर मी शहाणी झाले होते. बसने यायला किती वेळ लागतो, सकाळी काय खाऊन आलीस, घरी कोण आहे, एवढंच. तिसऱ्या भेटीत तिने स्वतःच हाताची बोटं दाखवून किती ते सांगितलं. मग कामं सुरू झाली, आणि ती सगळी कामं अगदी साधी होती. बाळंतपणाच्या डॉक्टर आणि मानसोपचाराचे डॉक्टर, दोघांची तारीख एकाच दिवशी मिळवायची, म्हणजे तिची दोन दिवसांची मजुरी बुडणार नाही. वॉर्डातल्या सिस्टरला आधीच सांगून ठेवायचं की हिला वासावरून बोलू नका. नवऱ्याला वेगळं बोलवायचं. सरकारी योजनेच्या पैशांचे कागद भरून द्यायचे. तारीख चुकली तर दुसऱ्याच दिवशी फोन, आणि फोनवर "का नाही आलीस" ऐवजी "उद्या येतेस का?" भरतीनंतर तिने गरोदरपणात आणखी दोनदा घेतली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर उभी : "बाय, काल घेतली." ते दोन दिवस माझ्या मते त्या सगळ्या महिन्यांतले सर्वांत महत्त्वाचे होते. घेतल्यावर तोंड लपवून घरी न बसता ती दवाखान्यात आली. तुमच्या वहिनीचंही असं होऊ शकतं. सुटली, पुन्हा घेतली, पुन्हा सुटली. त्या दिवशी घरात कोणी "बघ, म्हटलं नव्हतं!" असं म्हणू नये, एवढी जबाबदारी तुमच्यावर.

बाळाचं काय होईल, हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण मनात असणारच. खरं ते सांगते. गरोदरपणात घेतलेली दारू नाळेतून बाळापर्यंत जाते. त्याने बाळाची वाढ, मेंदू, पुढे शिकणं आणि वागणं यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. १९७३ पासून वैद्यकशास्त्रात या विकाराला नाव आहे. इतकी घेतली तर चालते असं सुरक्षित माप कोणालाच सापडलेलं नाही. पण अशा प्रत्येक बाळाला तो विकार होतो असंही नाही. आणि बाळाचा मेंदू नऊही महिने घडत असतो. पाचव्या महिन्यात थांबली तर पुढचे चार महिने बाळाच्या पदरात पडतात. 'आता काय, झालं ते झालं' असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाचे अवयव बघणारी सोनोग्राफी करतात, ती चुकवू नका. ती नीट आली तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, दारूचे सगळेच परिणाम तिच्यात दिसत नाहीत. बाळ झाल्यावर बालरोगतज्ज्ञांना सगळं सांगायचं आणि त्याची वाढ बघायला नेत राहायचं.

हे पत्र वाचणाऱ्या आणखी काही जणी आपापल्या घराकडे बघत असतील. मशेरी लावणारी असेल तर तीही तंबाखूच आहे, बाळाचं वजन त्यानेही घटतं. 'दातांना लावते फक्त' म्हणून ती तपासणीत सांगायची राहते. ब्राउन शुगरसारखं काही किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या कोणी घेत असेल तर दारूचा नियम तिथेही आहे : घरी एकदम बंद करू नका. त्याने गर्भपात किंवा अकाली कळा सुरू होण्याचा धोका असतो, आणि गरोदरपणात देता येतील अशी बदली औषधं डॉक्टरांकडे आहेत. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत असं बाळ चिडचिडं होतं, थरथरतं, नीट पीत नाही. त्यावर उपचार होतात, फक्त आधी माहीत हवं. यात कायद्याची भीती जास्त असते, कारण ही नशा करणं हा गुन्हाच आहे. पण अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच ६४-अ हे कलम आहे : नशा करणारी व्यक्ती आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेते आणि ते पूर्ण करते, तेव्हा सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी तिच्यावर खटला चालवायचा नाही. वकिलाचा सल्ला हवा तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. बायकांना तो फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रावरच्या नर्सबाई हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. यादीतली बाई तारखेला येत नसेल, तर 'आळशी आहे' असं नोंदवण्याआधी घरी जाऊन एकटीशी दोन मिनिटं बोला. आणि जे कळेल ते विहिरीवर, दुकानात, चतुर्थीच्या आरतीला कोणाच्या कानावर जाऊ देऊ नका. एका वाड्यावरची बाई गप्प बसली, तर दुसऱ्या वाड्यावरची बोलायला धजावते.

ताई, आता तुमची पुढची चार पावलं. वाळपईच्या आरोग्य केंद्रात जाता येईल, पण हात थरथरणं बघता मी थेट बांबोळीला जायला सांगेन. गोवा मेडिकल कॉलेजचा प्रसूती विभाग आणि मानसोपचार संस्था, दोन्ही बांबोळीतच आहेत. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास मोफत तपासणी असते, एरवी ती सबब चांगली, वाड्यावर कोणी काही विचारत नाही. तुम्ही मात्र ९ तारखेची वाट बघू नका. ओपीडीत गेल्यावर सांगायचं वाक्य पाठ करून जा : "पाचवा महिना आहे, दोन वर्षं रोज दारू घेते, सकाळी हात थरथरतात, पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. एकदम बंद करायची भीती वाटते. सोशल वर्करना भेटायचंय." एवढ्यात सगळं आलं. त्याआधी कोणाशी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. घरी फिट आली, भास व्हायला लागले, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर काही विचार न करता १०८.

बाळंतपणानंतर महिनाभर तरी माहेरी जाऊन-येऊन राहा, जमेल तसं. सुटलेली दारू पुन्हा धरायचा धोका तेव्हा मोठा असतो, झोप नसते, अंग दुखत असतं, आणि कोणीतरी वडीलधारी बाई बाळंतिणीला 'अंगात ऊब यायला' ब्रँडीचा घोट द्यायला सांगतेच. तुमच्या आईला आत्तापासून सांगून ठेवा, एक थेंबही नाही. कधी घेतलीच गेली, तर त्या रात्री बाळ तिच्या अंथरुणात नको, बाजूला पाळण्यात; आणि अंगावर पाजण्याआधी डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना फोन.

जायच्या दिवशी सकाळी तिने थोडी घेतलेली असली, तोंडाला वास येत असला, तरी बेत रद्द करू नका. तशीच न्या, आणि किती घेतली ते डॉक्टरांना सांगा. वाळपईहून पणजीची पहिली बस धरा, पुढची खिडकीची जागा तिला द्या; मागे मळमळेल. बरोबर पोळी-भाजी आणि पाणी असू द्या, बांबोळीत रांग मोठी असते. वाटेत बोलावंसं वाटलं तर दारूचं नको. पहिल्या बाळाबद्दल विचारा, मुलगी होती की मुलगा, तिने मनात काही नाव ठेवलं होतं का. दोन वर्षांत तिला हे बहुधा कोणी विचारलेलं नाही. ती रडली तर रडू द्या. आणि तिचे हात थरथरत असतील, तर पाण्याची बाटली तुम्ही धरा.